जमीन देवाच्या नावावर, वहिवाट पंचांकडे: ब्रिटनचा राजा कायद्यात नेमकं काय करतो?

नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाउ इथल्या कोर्टात एक बाई आरोपी म्हणून उभी राहिली. तिच्या कुत्रीने विंडसरच्या मोठ्या बागेत दोन मुलांचा चावा घेतला होता. बाईने गुन्हा कबूल केला, कोर्टाने ५०० पौंड दंड ठोठावला, विषय संपला. बाईचं नाव प्रिन्सेस ॲन, राणी एलिझाबेथची एकुलती एक मुलगी. खटला चालवणाऱ्या यंत्रणेचं नाव होतं क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस. त्या काळी इंग्लंडमधले फौजदारी खटले 'रेजिना विरुद्ध अमुक' अशा नावाने ओळखले जात. रेजिना म्हणजे राणी. थोडक्यात, फिर्याद आईच्या नावाने, न्यायाधीश आईच्या नावाने नेमलेले आणि दंड लेकीला. आईचा या सगळ्यात काडीचाही हात नव्हता.

ब्रिटनमध्ये राजा आहे, तिथे लोकशाहीही आहे, आणि दोन्ही एकमेकांच्या अंगावर धावून जात नाहीत, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण 'राजा नामधारी असतो' असं म्हणून आपण पुढे जातो. नामधारी म्हणजे काय? नाव जर सगळीकडे त्याचंच असेल, तर कायदा त्याचा की लोकांचा? आणि एक दिवस त्याने सही करायला नकार दिला तर? राज्यपालांनी विधेयक किती दिवस अडवून ठेवावं, यावर आपल्याकडे जो वाद सुरू आहे, त्याचं मूळही याच प्रश्नांत आहे.

देवस्थानच्या जमिनीची गोष्ट

गावोगावी देवस्थानच्या जमिनी असतात. सातबारा काढला तर मालक म्हणून भैरवनाथाचं नाव सापडतं. भैरवनाथ शेत कसत नाही, तलाठ्याकडे जात नाही, सही करत नाही. वहिवाट पुजाऱ्याकडे किंवा विश्वस्तांकडे असते. तरीही पुजारी मालक होत नाही. जमिनीवर कुणी अतिक्रमण केलं तर दावा देवाच्या नावाने लागतो आणि कोर्ट तो ऐकून घेतं, कारण कायद्याच्या नजरेत देव ही एक 'व्यक्ती' आहे. मूर्तीला असं कायदेशीर व्यक्तित्व असतं, हे १९२५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका बंगाली कुटुंबाच्या खटल्यात स्पष्ट केलं होतं. ब्रिटिश साम्राज्याचं हे शेवटचं अपील कोर्ट. इंग्रज न्यायाधीशांना ही कल्पना पचायला जड गेली नसावी, कारण त्यांच्या घरचा कारभार थेट असाच चालतो.

त्यांच्याकडे या देवाचं नाव 'क्राउन'. शब्दशः राजमुकुट, पण कायद्यात क्राउन म्हणजे राज्यसंस्था: सरकारी खाती, फौज, सरकारी वकील, हे सगळं मिळून. राजा हा माणूस वेगळा आणि क्राउन वेगळा. माणूस मरतो, क्राउन मरत नाही. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेली त्याच क्षणी चार्ल्स राजा झाले, मधे एक मिनिटही सिंहासन रिकामं नव्हतं. राज्याभिषेक पुढच्या वर्षी मे महिन्यात झाला. कायद्याच्या दृष्टीने तो नुसता सोहळा होता. राणी गेली त्या एका दिवसात शेकडो ज्येष्ठ वकिलांची 'क्वीन्स काउन्सेल' ही पदवी आपोआप 'किंग्ज काउन्सेल' झाली आणि लंडनच्या हायकोर्टाचा 'क्वीन्स बेंच' विभाग 'किंग्ज बेंच' झाला.

पासपोर्टही राजाच्या नावानेच निघतात, म्हणून राजाला स्वतःला पासपोर्ट लागत नाही. स्वतःच स्वतःची ओळख पटवून देणारं पत्र घेऊन कशाला फिरायचं?

देवाच्या उपमेत एक अडचण मात्र आहे. भैरवनाथ बोलत नाही. राजा हाडामांसाचा माणूस आहे, त्याला मतं आहेत, राग-लोभ आहेत, जमीनजुमला आहे. त्याला भैरवनाथासारखं गप्प कसं बसवायचं, हेच इंग्लंडच्या चारशे वर्षांच्या घटनात्मक इतिहासाचं सार आहे.

राजाचं कोर्ट, पण राजाला तिथे बसता येत नाही

१६०७ मध्ये राजा पहिल्या जेम्सच्या मनात आलं की न्यायाधीश जर माझ्याच नावाने न्याय करतात, तर एखादा खटला मी स्वतः का चालवू नये? मला काय बुद्धी नाही? तर्क बिनतोड होता. सर एडवर्ड कोक या मुख्य न्यायाधीशाने सांगितलं की देवाने महाराजांना बुद्धी उत्तम दिली आहे, यात शंका नाही. पण रयतेच्या जिवाचे आणि जमिनींचे वाद नुसत्या उपजत बुद्धीने सुटत नाहीत, त्यासाठी कायद्याची जाण लागते आणि ती यायला वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो. जेम्स भडकला. म्हणजे मी कायद्याच्या खाली? हा तर राजद्रोह! कोकने जुन्या कायदेपंडिताचा दाखला दिला: राजा कोणत्याही माणसाच्या खाली नाही, पण देवाच्या आणि कायद्याच्या खाली आहे.

हा बाणेदारपणा आपल्याला कळतो तो कोकनेच लिहून ठेवलेल्या हकिकतीतून. दुसऱ्या एका समकालीन वर्णनात मात्र, राजा संतापल्यावर कोक जमिनीवर लोटांगण घालून माफी मागू लागला, असं आहे. दोन्ही खरं असू शकतं. अशा प्रसंगी आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव निघतं. पण रामशास्त्र्यांच्या गोष्टीत माणूस मोठा आहे. ते पुण्याहून निघून गेले की गोष्ट संपते. कोक लोटांगण घालून उठला तरी त्याचा नियम उभा राहिला.

पुढचा रस्ता रक्तातून गेला. जेम्सच्या मुलाला, पहिल्या चार्ल्सला, कोर्टापुढे उभं केलं तेव्हा तो एकच प्रश्न विचारत राहिला: कोणत्या अधिकाराने? माझ्यावर खटला चालवणारं कोर्ट आलं कुठून? त्याचं उत्तर त्याला समाधानकारक मिळालं नाही. ३० जानेवारी १६४९ ला त्याचं डोकं उडवलं. त्यानंतर राजाविना चालवून पाहिलं, जमलं नाही, राजा परत आणला. मग १६८९ चा कायदा आला: संसदेला न विचारता राजाने कायदे स्थगित करायचे नाहीत, कर बसवायचे नाहीत. १७०१ मध्ये ठरलं की न्यायाधीशाची नोकरी राजाच्या मर्जीवर नाही, त्याच्या नीट वागण्यावर अवलंबून. काढायचंच असेल तर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी सांगावं लागेल. मला विचाराल तर या सगळ्यात कळीचं वर्ष हेच. नेमणूक राजाच्या नावाने होते, पण राजाच्या नावाने न्यायाधीशाला घरी पाठवता येत नाही.

"राजा विचार करील"

आता कायदे करण्याकडे येऊ. ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं तरी तो कायदा होत नाही. राजाची संमती लागते. ती जाहीर करताना आजही जुनी नॉर्मन फ्रेंच वापरतात: 'राजाची तशी इच्छा आहे.' नकार द्यायचा असेल तर त्याचंही ठरलेलं वाक्य आहे: 'राजा विचार करील.' मुलगी पाहून गेल्यावर 'कळवतो' म्हणतात, तेच.

हे दुसरं वाक्य शेवटचं उच्चारलं गेलं १७०८ मध्ये. राणी ॲनने स्कॉटलंडमध्ये लोकसेना उभारण्याचं विधेयक नाकारलं. पण का? फ्रेंच आरमार स्कॉटलंडच्या दिशेने निघालं होतं, आणि उद्या हीच लोकसेना शत्रूला जाऊन मिळाली तर, अशी भीती मंत्र्यांना होती. म्हणजे तो नकार राणीने दिला, तरी होता मंत्र्यांचाच. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं एकाही राजाने 'विचार करतो' म्हटलेलं नाही.

नाही म्हणायला बंदी आहे का? कागदावर नाही. इथे 'संकेत' हा शब्द समजून घ्यायला हवा. ब्रिटनची घटना एका पुस्तकात लिहिलेली नाही. तिचा काही भाग कायद्यांत आहे, काही निकालांत, आणि बराचसा संकेतांत, म्हणजे न लिहिलेल्या पण सगळे पाळतात अशा नियमांत. पंगतीत यजमान शेवटी जेवायला बसतो, हे कुठल्या कायद्यात आहे? तो पहिल्या पंगतीला बसला तर पोलीस येणार नाहीत. पण तो बसत नाही, आणि बसला तर पुन्हा त्याच्याकडे कोणी जेवायला जात नाही.

सर्वांत मोठा संकेत असा: राजाने मंत्र्यांच्या सल्ल्याने वागायचं. 'सल्ला' हा शब्द इथे फसवा आहे. पूजेत भटजी म्हणतात, 'आता पाणी सोडा,' तेव्हा तो सल्ला असतो का? यजमान पाणी सोडतो. पूजा यजमानाची, पुण्य त्याच्या नावावर, पण पाणी कधी सोडायचं ते भटजी ठरवतात. मे २०२५ मध्ये राजा चार्ल्स ओटावाला गेले आणि कॅनडाच्या संसदेत 'माझं सरकार' काय काय करणार याचं भाषण त्यांनी वाचून दाखवलं. भाषण सरकारने लिहिलेलं होतं. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं गुरव घालतो. इथे गाऱ्हाणं गुरव लिहितो आणि वाचतो देव.

म्हणजे आपल्या साताऱ्यासारखंच ना?

हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच. शाहू महाराजांच्या निधनानंतर, १७४९ पासून, कारभार पुण्यात आणि पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून. नव्या पेशव्याला छत्रपतींकडून वस्त्रं आल्याशिवाय तो पेशवा होत नसे. बाहेरून पाहिलं तर अगदी लंडनच.

फरक पाहायचा असेल तर सत्ता कोणाकडून निघाली एवढंच पाहू नका, कोणाकडे गेली ते पाहा. साताऱ्याहून ती दुसऱ्या एका घराण्याकडे गेली. पुण्यात पेशव्याला जाब विचारायला ना निवडून आलेली सभा होती, ना ज्याला हात लावता येणार नाही असं कोर्ट. लंडनमध्ये राजाची सत्ता आधी संसदेकडे गेली, मग हळूहळू मतदारांकडे, आणि कोर्टं दोघांवर लक्ष ठेवून राहिली. हात बांधलेला राजा दोन्हीकडे होता. कारभाऱ्याचे हात फक्त एकीकडे बांधलेले होते.

राणीची सही आणि कोरा कागद

कारभाऱ्याचे हात खरोखर बांधलेले आहेत का, याची परीक्षा २०१९ मध्ये झाली.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार होता, मुदत ३१ ऑक्टोबर. कोणत्या अटींवर, यावर संसद आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचं पटत नव्हतं. २८ ऑगस्टला तीन मंडळी स्कॉटलंडमधल्या बालमोरल किल्ल्यावर सुट्टीवर असलेल्या राणीकडे गेली. पंतप्रधानांचा सल्ला: संसदेचं सत्र संपवावं, नवं सत्र १४ ऑक्टोबरला सुरू होईल. एरवी नव्या सत्राआधी थोडे दिवस संसद बंद असते. इथे पाच आठवडे, तेही ऐन निर्णयाच्या तोंडावर.

राणीने मंजुरी दिली. तिच्यापुढे दुसरा रस्ता होता का? नाही म्हटलं असतं तर ९३ वर्षांच्या, कोणीही निवडून न दिलेल्या बाईने पंतप्रधानाला अडवलं, असं झालं असतं. हो म्हटलं तर संसदेला कुलूप लावण्यात तिचा हात. संकेताने तिचा प्रश्न सोडवलेला होता: सल्ला आला, पाणी सोडलं.

प्रकरण कोर्टात गेलं. लंडनच्या हायकोर्टाने म्हटलं, हा राजकीय विषय, आम्ही पडणार नाही. स्कॉटलंडच्या कोर्टाने म्हटलं, बेकायदा आहे. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. युक्तिवाद साधा होता. सत्र संपवण्याचा अधिकार आहे, मान्य. पण अधिकाराला हद्द असते. संसदेला तिचं काम करण्यापासून अडवायचं असेल तर त्याला सबळ कारण हवं, आणि इथे कारण सांगितलंच गेलं नाही. म्हणून सल्ला बेकायदा. सल्ला बेकायदा, म्हणून त्यावर बेतलेला हुकूमही पोकळ. अध्यक्ष लेडी हेल म्हणाल्या की राजाज्ञा घेऊन संसदेत शिरलेल्या मंडळींच्या हातात जणू कोरा कागद होता. संसद बंद झालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी खासदार जागेवर येऊन बसले.

राणीने चूक केली असं निकालात कुठेही नाही. कोर्टाने देवाला समन्स काढलं नाही, विश्वस्तांना विचारलं: देवाचा शिक्का तुम्ही कशावर मारून घेतलात? राजाच्या विशेषाधिकारांबद्दल आपण बोलतो तेव्हा मनात राजा असतो. फौज पाठवणं, तह करणं, अशी ही कामं, जी संसदेच्या कायद्यातून न येता जुन्या राजसत्तेतून उरली आहेत. पण आज ती वापरतात पंतप्रधान. म्हणून घटनात्मक राजेशाहीत भीती राजा हुकूमशहा होण्याची नसते, पंतप्रधान राजाच्या झग्याआड लपण्याची असते.

राजाने स्वतःच गुन्हा केला तर?

'राजा चूक करूच शकत नाही' असं इंग्रजी कायद्यात एक जुनं वचन आहे. ते ऐकून संताप येतो, पण त्याचा एक अर्थ आपल्या फायद्याचा आहे. राजा चूक करू शकत नाही, म्हणजे चूक झाली तर ती कोणातरी मंत्र्याची असणार, आणि त्याने 'हुकूम वरून होता' असं सांगून सुटायचं नाही.

दुसरा अर्थ मात्र जाचकच होता. सरकारी गाडीने तुम्हाला उडवलं तर क्राउनवर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नसे, कारण क्राउन चूक करत नाही. हे बदलायला १९४७ उजाडावं लागलं. तेव्हाच्या कायद्याने सरकारवर साध्या माणसाप्रमाणे दावा लावायला वाट मिळाली. १९९३ मध्ये तर कोर्टाचा आदेश मोडून एका आश्रयार्थी शिक्षकाला देशाबाहेर पाठवल्याबद्दल खुद्द गृहमंत्र्याच्या पदावर अवमानाचा ठपका बसला. सरकार कोर्टाचे आदेश मेहेरबानी म्हणून पाळतं, असं सरकारी वकिलांचं म्हणणं होतं. तसं मानलं तर सतराव्या शतकात राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवी युद्धाचा निकालच फिरेल, असं एका न्यायमूर्तींनी सुनावलं.

आणि राजा स्वतः? त्याच्यावर खटला चालत नाही. ना फौजदारी, ना दिवाणी. ही सवलत घराण्याला नाही, एकट्या राजाला आहे. म्हणून लेकीला दंड झाला. त्याला साक्षीला बोलावता येत नाही. २००२ च्याच हिवाळ्याच्या तोंडावर डायनाच्या जुन्या बटलरवर तिच्या वस्तू चोरल्याचा खटला चालू होता, तोही राणीच्याच नावाने. मधेच राणीला आठवलं की काही कागद जपून ठेवायला नेतो आहे, असं त्याने आपल्याला पूर्वी सांगितलं होतं. खटला कोसळला. फिर्यादीला आधीच विचारता आलं असतं तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. पण फिर्यादीलाच प्रश्न विचारता येत नाही, अशी ही गंमत.

राजा खरोखरच नकोसा झाला तर इलाज कोर्टात नाही, संसदेत आहे. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली तेव्हा नुसत्या सहीच्या पत्राने भागलं नाही, संसदेला कायदा करावा लागला. त्या कायद्यालाही राजाची संमती हवी होती, आणि ती एडवर्डनेच दिली. राजा म्हणून त्याचं ते शेवटचं काम.

तर मग राजा अगदीच निरुपद्रवी?

इथे मी थोडा अडखळतो. वॉल्टर बॅजेट या पत्रकाराने १८६७ मध्ये लिहिलं की राजाकडे तीन हक्क उरले आहेत: आपल्याला विचारलं जावं, उत्तेजन देता यावं, सावध करता यावं. तेव्हापासून सगळे हे वाक्य कौतुकाने सांगतात. पण दर आठवड्याला पंतप्रधानांशी बंद दाराआड बोलायला मिळणं, तेही आयुष्यभर, हे कोणत्या लॉबीवाल्याला नको आहे?

चार्ल्स युवराज असताना मंत्र्यांना पत्रं लिहायचे. ती मागवण्यासाठी एका पत्रकाराला दहा वर्षं लढावं लागलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खुली केली. फौजेची हेलिकॉप्टरं, गुरांचा क्षयरोग, अल्बट्रॉस पक्षी आणि दक्षिणेकडच्या समुद्रातला एक मासा, असे विषय होते. फार भयंकर काही नव्हतं. पण दरम्यान राजा आणि युवराजाची पत्रं माहितीच्या कायद्यातून कायमची वगळण्यात आली होती.

दुसरी फट अधिक गंभीर आहे. राजाच्या अधिकारांना किंवा खासगी मालमत्तेला स्पर्श करणारं विधेयक असेल, तर ते मंजूर होण्याआधीच राजाची 'पूर्वसंमती' घ्यावी लागते. शेवटी होणाऱ्या संमतीहून ही वेगळी. ही पडद्याआड मिळते. एलिझाबेथच्या कारकिर्दीत हजाराहून जास्त कायदे असे आधी दाखवले गेले, हे गार्डियन दैनिकाने २०२१ मध्ये उघडकीला आणलं. राजवाड्याचं उत्तर ठरलेलं: हा उपचार आहे, राणी मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागते. ते खरं असलं तरी प्रश्न उरतो. १९९९ मध्ये इराकवर हल्ला करण्याचा अधिकार राजाकडून संसदेकडे द्यावा, असं खासगी विधेयक एका खासदाराने आणलं. पूर्वसंमती मिळाली नाही, सरकारच्या सल्ल्यावरून. विधेयक चर्चेलाच आलं नाही. इथेही झग्याआड कोण होतं ते दिसतंच.

सही करणारच नाही म्हटलं तर

हे बेल्जियममध्ये घडलं. एप्रिल १९९० मध्ये राजा बोदुआँपुढे गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आला. राजा कट्टर कॅथलिक, शिवाय त्याला मूल नव्हतं. त्याने पंतप्रधानांना कळवलं की माझी सदसद्विवेकबुद्धी सही करू देत नाही, पण लोकशाहीही अडू नये. मग वेड लागणं, आजारपण अशा वेळेसाठी घटनेत ठेवलेलं कलम काढलं गेलं: राजा राज्य करण्यास असमर्थ आहे. मंत्रिमंडळाने राजाच्या जागी सह्या केल्या, कायदा झाला, आणि दीड-दोन दिवसांत संसदेने राजा पुन्हा समर्थ झाल्याचं ठरवलं. कायदेपंडित अजून या युक्तीवर नाक मुरडतात. मला ती आवडते.

लक्झेंबर्गमध्ये २००८ साली ग्रँड ड्यूक हेन्रीने इच्छामरणाच्या कायद्याला संमती द्यायला नकार दिला. तिथे एवढं नाटक केलं नाही, सरळ घटना बदलून संमतीची गरजच काढून टाकली. स्वीडनने तर १९७४ च्या घटनेतच राजाचं नाव कायद्यांवरून उतरवलं; तिथे पंतप्रधानपदाचं नाव सुचवतो संसदेचा अध्यक्ष. राजा आहे, पण कायद्याच्या कारखान्यात त्याला यंत्रालाही हात लावायला मिळत नाही.

खरा धक्का राजाकडून नाही, त्याच्या मुनिमाकडून बसला. ११ नोव्हेंबर १९७५ ला ऑस्ट्रेलियात राणीचे प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना घरी बसवलं. तिथल्या लोकसभेत व्हिटलमांचं बहुमत होतं. सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, सरकारी खर्चाचे पैसे अडवले होते. कर यांनी राणीला आधी कळवलं नाही. सभागृहाच्या अध्यक्षांनी राणीकडे धाव घेतली, तर लंडनहून उत्तर आलं की तुमच्या घटनेने हे अधिकार गव्हर्नर जनरलना दिले आहेत, राणीने मधे पडणं योग्य नाही. राजाला गप्प बसवणारा संकेत त्याच्या प्रतिनिधीला गप्प बसवू शकला नाही.

आणि आपल्या राजभवनात

१९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात लोकमान्यांवर चाललेल्या राजद्रोहाच्या खटल्याचं नाव होतं 'एम्परर विरुद्ध बाळ गंगाधर टिळक'. बादशहा फिर्यादी. त्याच टिळकांनी ताई महाराजांच्या दत्तक प्रकरणात बादशहाच्याच प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपील केलं आणि १९१५ मध्ये ते जिंकले. प्रिव्ही कौन्सिल निकाल 'देत' नसे, बादशहाला नम्रपणे सल्ला देत असे. पुन्हा तोच शब्द.

१९५० नंतर खटल्याच्या मथळ्यातला बादशहा जाऊन राज्य आलं, पण साचा राहिला. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी स्पष्टच सांगितलं की आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे: तो देशाचा प्रमुख, कारभाराचा नव्हे. फरक एवढाच की इंग्लंडने जे संकेतावर सोडलं ते आपण लिहून काढत गेलो. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक, हे १९७६ मध्ये. एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा, हे १९७८ मध्ये.

राज्यपालांचं मात्र घोंगडं भिजत राहिलं. लंडनच्या राजाला नेमणारं कोणी नाही, म्हणून त्याला कोणाचं देणं नाही. राज्यपालाला केंद्र नेमतं आणि केंद्रच काढतं. त्याच्यापुढे नेहमी दोन भटजी असतात, एक राज्याचा, एक दिल्लीचा, आणि पाणी कोणाच्या सांगण्यावरून सोडायचं हा प्रश्न. विधेयकांवर राज्यपालांना मुदत घालता येईल का, यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या अमरावतीचे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या घटनापीठाने मत दिलं. कोर्ट ठरावीक मुदत घालू शकत नाही, मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असंही मानता येणार नाही. पण राज्यपालांनी विधेयक अनंत काळ दाबून ठेवलं तर कोर्ट त्यांना निर्णय घ्यायला सांगू शकतं.

पहाटेचा शपथविधी पाहिलेल्या महाराष्ट्राला या प्रश्नाची धग वेगळी सांगायला नको. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगितलं, आणि ठरावाला सामोरं जाण्याआधीच ठाकरे यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांचा तो आदेश समर्थनीय नव्हता. पण राजीनामा दिलेला असल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. लंडनमध्ये कोर्टाला कोरा कागद दिसला होता. मुंबईच्या कागदावर तोपर्यंत दुसरी सही झाली होती.